सर्वपित्रीचा लाल भात

भाताचं आणि माझ्या सासूबाईंचं कधी फारसं जमलं नाही. भात म्हणजे आजाऱ्याचं नाहीतर लग्नाच्या पंगतीतलं जेवण, राबणाऱ्या माणसाच्या पोटाला तो धरत नाही, असं त्यांचं ठाम मत. घनसावंगीकडच्या शेतकरी घरात त्यांचा जन्म गेलेला. लेकाच्या नोकरीपायी जालन्यात मस्तगडला राहायला आल्या, तरी ज्वारीची भाकरी सुटली नाही आणि गळ्यातली तुळशीची माळही सुटली नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. अशा माळकरी बाईच्या स्वयंपाकघरात मेक्सिकोचा भात शिजला, आणि तोही सर्वपित्री अमावस्येला, हे मला स्वतःलाच कधी कधी खरं वाटत नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचे हे एका बियाण्यांच्या कंपनीत होते. एका पावसाळ्यात मक्याचे वाण बघायला मेक्सिकोहून एक शास्त्रज्ञ बाई येणार असं ठरलं. लॉजवरचं जेवण तिला सोसणार नाही म्हणून यांनी परस्पर आमची माडीवरची खोली देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. मी चिडत चिडत ठेवणीतल्या चादरी काढल्या, आरसा पुसला, गोरी मड्डम येणार म्हणून आरशासमोर चार इंग्रजी वाक्यं घोकली. दारात जीपमधून उतरली ती पन्नाशीची, ठेंगणी, सावळी, जाड वेणीची बाई. लुगडं नेसवलं असतं तर बाजाराला निघालेली एखादी मावशीच वाटली असती.

"ही मड्डम?" आत्याबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "ही तर आपल्यातलीच दिसून राह्यली की गं!"

त्या दिवसापासून ती 'मक्याची बाई' झाली. सकाळी कंपनीच्या प्लॉटवर जायची, संध्याकाळी येऊन आत्याबाईंजवळ पाटावर बसायची. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. मध्ये मी आणि माझं बी.ए.चं मोडकं इंग्रजी. एका संध्याकाळी मी मिरच्या निवडत होते. बाईनं एक मिरची उचलली आणि सहज सांगितलं की ही मूळची आमच्याकडची. टोमॅटोही आमचा. मका तर आमचाच.

मी ते मराठीत सांगितलं आणि आत्याबाई उखडल्या.

"मिरची? मिरची हिची? मंग आपले म्हातारे ठेचा कशाचा खात व्हते? विचार, विचार तिला!"

बाई हसली. म्हणाली, तेव्हा इकडे मिरी होती. मिरची जहाजातून आली, चार-पाचशे वर्षांपूर्वी. आत्याबाई बराच वेळ त्या मिरचीकडं बघत बसल्या. जन्मभर जिच्या जोरावर संसार केला ती परक्या गावची निघाली, असा चेहरा. मग त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "आली तर आली. सून म्हणून आली, घरची झाली." मी मात्र रात्री जेवताना ताटातली भाजी चिवडत राहिले. ही सगळी चव हजारो कोसांवरून चालत आमच्या ताटात आली होती आणि आम्हांला त्याचा पत्ताच नव्हता.

मग पितृपंधरवडा लागला. सासऱ्यांच्या तिथीला आत्याबाईंनी गच्चीच्या कठड्यावर पत्रावळ ठेवली, पाणी फिरवलं, कावळ्याला हाक घातली. बाई जिन्यात उभी राहून बघत होती. कावळा आला, वडा घेऊन गेला. तिनं मला विचारलं, हे कोणासाठी? मी सांगितलं, गेलेल्या माणसांसाठी. कावळा शिवला म्हणजे ती जेवली, तृप्त झाली.

बाई पायरीवर खालीच बसली. तिच्या गावीही वर्षातून एकदा हेच करतात म्हणे. गेलेल्यांच्या आवडीचं रांधून मांडतात, ती येऊन जेवतात, आणि त्यांना वाट दिसावी म्हणून फुलं पसरतात. कुठली फुलं, ते दाखवायला तिनं गच्चीच्या कोपऱ्यातल्या आत्याबाईंच्या कुंडीकडं बोट केलं. झेंडू. तोही मूळचा त्यांच्याकडचाच. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, आमच्याकडं दिवस असताना जिथं रात्र असते तिथं, कोणीतरी बायका झेंडूची फुलं मांडून मेलेल्यांना जेवायला बोलावत होत्या.

त्याच पायरीवर तिनं आईचं सांगितलं. आदल्या वर्षी तिची आई गेली. बाई तेव्हा अशीच कुठल्याशा परमुलखात मक्याच्या शेतात होती. आईनं फोनवर म्हटलं होतं, ये. ही म्हणाली, पीक निघालं की येते. पीक निघालं, ही पोचली, तोवर आईला मातीही देऊन झाली होती. आईला लाल भात फार आवडायचा, आईच्या आईकडून आलेला. पण त्या वर्षी गावाकडं मांडायला हिचा हात धजावला नाही. आई येईल का, आलीच तर आपल्या हातचं खाईल का, या भीतीनं. आणि मग तिनं मला जे विचारलं ते मी तसंच आत्याबाईंना सांगितलं. ती म्हणत होती, इथं मांडू का मी तिच्यासाठी?

खरं सांगते, मला वाटलं आत्याबाई नाही म्हणतील. सोवळंओवळं, लेकीनं ठेवायचं की लेकानं, हजार प्रश्न. त्यांनी एकच विचारला, "तिथी कोणती?" बाईला तारीख माहीत होती, तिथी कुठून असणार? "मंग सर्वपित्रीला ठेवू. ज्याची तिथी ठाऊक न्हाई त्याची तीच असती," असं म्हणून त्या भाकरी थापायला उठल्या. जसं काही मेक्सिकोच्या माणसांचीही सोय शास्त्रात आधीपासून करून ठेवलेली होती.

तांदूळ आणायला आम्ही दोघी जुन्या जालन्यात गेलो. बाईनं मारवाडी शेटजींच्या दुकानातले चार-पाच तऱ्हांचे दाणे दाताखाली कटकन तोडून बघितले आणि त्यातला जुना, लांब, कोरडा तांदूळ निवडला. भाताचं सामान आत्याबाईंनी ऐकून घेतलं. कांदा, लसूण, टोमॅटो. पित्राला कांदा-लसूण चालत नाही असं मी म्हणायला गेले तर मलाच गप्प केलं. मेलेल्याच्या आवडीचं करायचं असतं, तिथं आपली आवड काढायची नाही. पण शेवटी आलं कोंबडीचं पाणी. भात त्या पाण्यात शिजवायचा असतो.

"त्ये न्हाई," आत्याबाईंनी माळेला हात लावला. "तिच्या आईची माफी मागते म्हणावं, पण त्ये माझ्या घरात न्हाई."

बाई म्हणाली, साध्या पाण्यात करू.

अमावस्येला सकाळपासून घरात गडबड. आमचं पुरण, कढी, वडे एकीकडं आणि बाईचा भात दुसरीकडं. तिनं तांदूळ कोमट पाण्यात भिजवून, धुवून, गच्चीवर स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडा केला. मग पातेल्यात तेल तापवून त्यात तो कच्चाच टाकला आणि परतत राहिली. आम्ही भाताला फोडणी देणारी माणसं, पण दोन मिनिटांत पाणी ओततो. ही परततेच आहे. दाणे आधी दुधासारखे झाले, मग हळूहळू गव्हाच्या रंगावर आले, पातेल्यात वाळू सरकावी तसा आवाज करू लागले आणि घरभर भाजक्या लाह्यांचा वास सुटला. वीज नव्हती म्हणून टोमॅटो-कांदा-लसूण आत्याबाईंनी स्वतः पाट्यावर वाटून दिला. वाटण पडताच चर्र झालं आणि सगळं पातेलं लाल झालं. पाणी, मीठ, वर दोन अख्ख्या मिरच्या, झाकण. मग हात लावायचा नाही. आत्याबाईंना हे काही सहन होईना. खाली लागेल, लागेल, म्हणत त्या दोनदा उलथनं घेऊन पुढं झाल्या. दोन्ही वेळा बाईनं त्यांचं मनगट हळूच धरलं.

झाकण निघालं. भात असा की दाणा न् दाणा वेगळा. मी तोंडात बोट घालून बघत होते. आणि तेवढ्यात बाईनं चमचाभर भात घेतला, फुंकला आणि चव बघितली.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "उष्टं केलं की गं पोरी!"

पित्रांना ठेवायचं अन्न आधी कोणी चाखायचं नसतं. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे कळतं. तिला कसं कळणार? तिची आई रोज असाच चमचा आधी स्वतःच्या आणि मग हिच्या तोंडात घालायची. मी समजावलं तसा तिनं चमचा पटकन खाली ठेवला. शिवाय तिचं तिलाही पटलं नव्हतं. भात पाणचट लागतो, अंगात जीव नाही, असं म्हणाली.

आत्याबाई रागावल्या असत्या तर मला चाललं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी शेगडीवरून पुरणाच्या डाळीचं पातेलं उतरवलं, डाळ उपसली आणि खाली उरलेलं दाट, पिवळं, गरम पाणी बाईसमोर ठेवलं. आम्ही त्याला येळवणी म्हणतो, कटाची आमटी तिचीच होते.

"कोंबडी न्हाई, पर जीव हाये हिच्यात. हिच्यात शिजव. जल्दी कर, ऊन चढून राह्यलं."

उरलेल्या भिजवलेल्या तांदळाचं दुसरं पातेलं चढलं. पुन्हा परतणं, पुन्हा वाटण, पुन्हा चर्र, या वेळी येळवणी. झाकण निघालं तेव्हा बाईचा हात सवयीनं चमच्याकडं गेला आणि तिथंच थांबला. चाखल्याशिवाय कळणार कसं नीट झालाय ते, असं तिनं विचारलं.

"आपल्याला कळत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "त्ये जेवणाऱ्यानं सांगायचं."

गच्चीवर दोन पत्रावळी मांडल्या. आमच्या पत्रावळीवर कावळा लगेच आला, वडा उचलला, गेला. बाईच्या लाल भाताकडं मात्र कोणी फिरकेना. सर्वपित्रीला जालन्याच्या कावळ्यांचा भाव काय विचारता! घराघरांवर कढी-वडे वाट बघत असतात. एक कावळा कठड्यावर बसला, मान वाकडी करून भात बघितला, आणि उडून गेला. बाईचा चेहरा मला बघवेना. इतकी शिकलेली बाई, पण त्या कावळ्याकडं ती परीक्षेच्या निकालाकडं बघावं तशी बघत होती.

"आईची काय विच्छा राह्यली, विचार तिला," आत्याबाई म्हणाल्या. कावळा शिवेना म्हणजे जाणाऱ्याचं काही तरी मागं राहिलं, आणि त्याचा शब्द द्यावा लागतो. काय राहिलं ते आम्हां तिघींनाही ठाऊक होतं. 'ये' म्हणाली होती. आता त्याचा काय शब्द देणार? आत्याबाईंनी पत्रावळ कठड्यावर जरा पुढं सरकवली. मग म्हणाल्या, "आईसंग बोल म्हणावं. तिच्या भाषेत. मला न्हाई समजलं तरी चालतं."

बाई कठड्याशी गेली आणि बोलू लागली. इतके दिवस आमच्या घरात ती माझ्यासारखंच चाचरत इंग्रजी बोलायची, आणि आता तिच्या तोंडून तिची भाषा अशी वाहू लागली की मी थक्क होऊन ऐकत राहिले. एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. आत्याबाई शेजारी उभ्या राहून मधून मधून "हां, हां" म्हणत होत्या, बरोबर जिथं म्हणायला हवं तिथं.

तरी कावळा आला नाही. ऊन डोक्यावर आलं. हे खालून येऊन हळूच म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून टाकू, चालतं. मी आत्याबाईंकडं बघितलं. सासऱ्यांच्या दहाव्याला असंच झालं होतं. गोदावरीच्या काठी कावळा शिवेना. सगळ्या भाऊबंदांनी, भटजींनीसुद्धा सांगितलं, दर्भाचा करा. आत्याबाईंनी ऐकलं नाही. खराच पाहिजे म्हणाल्या, आणि उपाशीपोटी उन्हात बसून राहिल्या, दुपार कलल्यावर कावळा आला तेव्हाच उठल्या. त्यांच्या हट्टाला सगळं गाव भ्यायचं. त्या आता काय मानणार?

तेवढ्यात एक साळुंकी उतरली. पिवळे पाय, पिवळी चोच, तपकिरी अंग. टुणटुण करत कठड्यावरून चालत आली, पत्रावळीच्या काठावर चढली आणि लाल भाताचा एक दाणा उचलला. मग दुसरा. मग मन लावून खाऊच लागली.

बाईनं पक्षी ओळखला होता, तिला न कळायला ती काही खुळी नव्हती. तिनं आत्याबाईंकडं बघितलं. मीही बघितलं. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, त्या पक्ष्याला हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"कावळा शिवला. आई जेवली म्हणून सांग तिला."

माझ्या मोडक्या इंग्रजीत तेवढं एक वाक्य मला बिनचूक आलं.