भर मे महिन्यात भिजलेलं झिंक क्लोराइड

तिसरी बॅच फसली तेव्हा सेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. सेठजी म्हणजे नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या केमिकल युनिटचे मालक, आणि मी तिथला प्रॉडक्शन मॅनेजर. एरवी ते दार उघडं ठेवून ओरडतात. दार लावलं की प्रकरण गंभीर असतं.

"काळे, निखाडेला नुसतं काढायचं की पोलिसांत द्यायचं, एवढंच सांगा."

"आधी खात्री करू द्या."

"खात्री काय बाकी राहिली? स्टोअरची चाबी कोणाजवळ आहे?"

निखाडे आमचा स्टोअरकीपर, चावी त्याच्याजवळच होती. गेली सोळा वर्षं.

आम्ही औषध कंपन्यांसाठी एक इंटरमीडिएट बनवतो, म्हणजे औषधाच्या आधीच्या पायरीचा माल. त्याच्या रिअ‍ॅक्शनला झिंक क्लोराइड हा कॅटॅलिस्ट लागतो. कॅटॅलिस्ट रिअ‍ॅक्शन घडवून आणतो, स्वतः तिच्यात खर्च होत नाही. पण आम्हाला तो अ‍ॅनहायड्रस, म्हणजे अगदी कोरडा लागतो. झिंक क्लोराइड पाण्याचं भारी हावरं. चिमूटभर उघड्यावर ठेवा, हवेतला ओलावा ओढून त्याचा चिखल होतो. आणि हे पाणी रिअ‍ॅक्टरमध्ये गेलं की माल कमी आणि डांबरासारखा काळा गाळ जास्त.

तिन्ही बॅचेसमधून तोच गाळ निघाला होता.

आमच्या लॅबमधल्या शिल्पाने केएफ टेस्ट केली. या टेस्टने पदार्थातलं पाणी मोजतात. सीलबंद ड्रममधला नमुना पास झाला. रिअ‍ॅक्टरपाशी आलेल्या पिशवीतला नमुना सपशेल नापास. म्हणजे घोळ मधल्या टप्प्यात होता, आणि मधल्या टप्प्यात एकटा निखाडे. ड्रम तोच उघडायचा, मोजायचा, पिशव्या बांधायचा.

पावसाळा असता तर मी हवेला दोष दिला असता. पण नागपूरचा मे महिना. दोरीवर ओला टॉवेल टाकून वळेपर्यंत तो कडक होतो. अशा हवेत पाणी येणार कुठून? कोणीतरी चांगला माल काढून ओला भरत असणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

त्यात मला कळलं, निखाडेच्या मेहुण्याचं इतवारीत झाळकामाच्या सामानाचं दुकान आहे. डबे, पत्रे झाळायला, म्हणजे सोल्डर करायला, झिंक क्लोराइडच लागतं. मग काय, मी गिऱ्हाईक बनून तिथे गेलो. टेम्पो आणि हातगाड्यांतून वाट काढत दुकान शोधलं.

"झिंक क्लोराइड आहे का?"

"आहे ना जी. किती पायजे?" त्याने बरणी काढली. आत ओलसर ढेकळं होती.

"अ‍ॅनहायड्रस नाही?"

"तसलं इथं कोन घेते? आमच्या कामात त याले पान्यातच कालवा लागते."

खरं म्हणजे तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. जे पाण्यातच कालवायचं, ते कोरडं चोरून कोण कशाला आणेल? पण मला वाटलं, हा गडी जरा जास्तच सफाईने बोलतोय. संशय डोक्यात शिरला की साधं उत्तरही पढवलेलं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी काही बोलण्याआधीच निखाडे समोर आला.

"साहेब, तुमी काल इतवारीत गेलते?"

"कोण म्हणालं?"

"साळ्याचा फोन आलता. चष्मेवाला एक मानूस अ‍ॅनहायड्रस विचारून राहिला होता म्हने. इतवारीत तसं कोन विचारते?" तो थांबला. "मले काहून नाही विचारलं, साहेब?"

 मी चावीसाठी हात पुढे केला. त्याने दिली आणि घरी गेला. सेठजींनी त्याला चौथ्या बॅचपर्यंत मुदत दिली होती. त्याचा हात न लागता ती चांगली निघाली की त्याची चोरी सिद्ध.

चौथ्या बॅचचं झिंक क्लोराइड मी स्वतः मोजलं. आतून कडी लावली, ड्रमचं सील स्वतः तोडलं. तासभर बसून निवांत पिशव्या भरल्या आणि थेट लॅबमध्ये नेल्या.

शिल्पाने रीडिंग पाहिलं. पुन्हा टेस्ट लावली. मग मान वर न करता म्हणाली, "सर, यावेळी कोणी मोजलं?"

"मी."

"हेही नापास आहे."

मी तसाच स्टोअरमध्ये परत गेलो. मोजायच्या खोलीत उभा राहिलो. बाहेर जीव नकोसा करणारं ऊन होतं आणि आत पाठीवर थंडगार वारा येत होता, वाळ्याच्या वासाचा. काट्यावर सांडलेली पावडर चिकट झाली होती. मी मागे वळून पाहिलं. डेझर्ट कूलर. टाकी काठोकाठ भरलेली, बाजूच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपतंय, आणि ओल्या हवेचा झोत सरळ उघड्या ड्रमवर.

नागपुरात उन्हाळा लागला की कूलर लावतात. त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. यंदा माझ्या ऑफिसात एसी बसला, म्हणून माझा जुना कूलर मीच कौतुकाने स्टोअरला दिला होता. बिचारा निखाडे घामाघूम होतो म्हणून. आणि पावसाळ्यात त्या खोलीतली हवा कोरडी ठेवणारं डीह्युमिडिफायर मशीन? उन्हाळ्यात उगाच वीज कशाला, म्हणून तेही मीच बंद करायला लावलं होतं. दोन्ही ऑर्डर माझ्या सहीच्या.

मला माझीच लाज वाटली. सेठजींना सांगितलं तेव्हा ते हसले. "चला, मिटलं. रिपोर्टमध्ये वातावरण लिहून टाका."

मी कारणाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. कूलर बाहेर गेला, मशीन सुरू झालं आणि नव्याने मोजून घेतलेली चौथी बॅच नेहमीसारखी स्वच्छ निघाली.

निखाडेच्या घरी चावी द्यायला मीच गेलो. माफी मागितली. त्याने चहा दिला, ऐकून घेतलं, पण चावीला हात लावला नाही.

"साहेब, तिथं आता दोन कुलुपं लावा. एक चाबी माह्यापाशी, एक तुमच्यापाशी. दोघं असल्याबिगर दार उघडाचं नाही."

"अरे, आता तुझ्यावर कोणाचाही संशय नाही."

"आज नाही," तो म्हणाला. "पुढं कधी बॅच गेली, त निदान मी एकटा चोर नसन."

मी दुसऱ्याच दिवशी दुसरं कुलूप लावलं.