आभाळातल्या लाटा आणि रॉकेलची नळी

आमच्या शाळेच्या दारात एक फळा होता. वर सुविचार, खाली त्या दिवसाचं हवामान. हवामान लिहायचं काम नव्या विज्ञान शिक्षिकेचं, म्हणजे माझं. सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात ते काही अवघड नव्हतं. 'आकाश निरभ्र, ऊन कडक' एवढं रोज लिहिलं तरी भागायचं.

एका सकाळी शाळेत येताना वर पाहिलं, तर खूप उंचावरच्या पातळ पांढऱ्या ढगाच्या कडेवर ओळीनं लाटा उठलेल्या. प्रत्येकीचा शेंडा पुढे वळून खाली आलेला. डोळे भरून बघेपर्यंत विरल्यासुद्धा. मी तडक फळ्यावर लिहिलं, 'आज आकाशात लाटा दिसल्या.'

मधल्या सुट्टीपर्यंत मुख्याध्यापकांनी ती ओळ पुसली होती. "बाई, मुलं वाचतात ते. मनाला येईल ते लिहू नका." शिपाईमामांना तर चेवच आला. "हितं नळाला पानी न्हाय, आन् बाईंच्या आभाळात लाटा! लई भारी की!" शिक्षकखोली खो खो हसली. मला इतका राग आला की मी डबाच उघडला नाही. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवायचं म्हणजे काय?

असे ढग क्वचित होतात, हे मी कॉलेजात शिकले होते. खाली थंड, जड हवा सावकाश चाललेली असते आणि तिच्यावरून उबदार, हलकी हवा वेगानं जाते. दोघींच्या सीमेवर ढग असला, तर वरचा वारा त्याचे शेंडे पुढे ओढतो आणि ते वळतात. पण सांगून कोण ऐकणार? दाखवायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतली लांब काचेची नळी घेतली. जड हवेच्या जागी अर्धी नळी निळीचं पाणी, हलक्या हवेच्या जागी उरलेली घरचं करडईचं तेल, दोन्हीकडे बूच. शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर तिरकी केली. तेल ढिम्म! पुन्हा हशा. आम्हा सोलापूरकरांचा करडईच्या तेलावर सगळ्या बाबतीत भरवसा, तसा माझाही होता. पण एवढ्या दाट तेलात लाट उठायची कुठून?

तिसऱ्या दिवशी स्टोव्हमधलं रॉकेल नेलं. नळी आडवी ठेवली, पाणी खाली, रॉकेल वर असं स्थिर होऊ दिलं आणि एक टोक झटकन उचललं. निळं पाणी खाली धावलं, रॉकेल वर, आणि मधोमध ओळीनं लाटा उठून त्यांचे शेंडे वळले. हुबेहूब माझा ढग!

"परत करा," मुख्याध्यापक म्हणाले. परत केलं. मग त्यांनी नळी स्वतःच्याच हातात घेतली. मागून शिपाईमामांचा आवाज आला, "व्हय की वो बाई!"

घंटा झाली तरी कुणी हललं नाही. शेवटी मुख्याध्यापक दाराशी गेले, त्यांनी त्या दिवसाचा सुविचार पुसला आणि त्या जागी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'परवा आमच्या बाईंना आकाशात लाटा दिसल्या.'

मला भयंकर आनंद झाला. त्या दुपारी मी माझा डबा तर संपवलाच, वर शिपाईमामांनी पुढे केलेली कडक भाकरीही खाल्ली.