एवढा मेल जाऊ दे

फोन आला तेव्हा मी शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावत होते. यांच्या कॉलेजातले शिपाई बोलत होते. बाई, लवकर या, सर खुर्चीतच कलंडले, एवढंच म्हणाले. मी आखाडा बाळापूरच्या कॉलेजात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता महिना उलटला. जीव थाऱ्यावर नाही... हे लिहितानाही दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले.

खरं तर घरात चुळबुळे हेच होते, माझे यजमान दत्तराव. कॉलेजात संगणक विभाग सांभाळायचे. बिघडलेली वस्तू दिसली की जेवणाचं वाटोळं; ताट वाढून ठेवावं आणि हे मिक्सर उघडून बसलेले. कॉलेजात प्रॉक्सी सर्व्हर बसवला आणि मला सवतच आली. सगळ्या संगणकांचं इंटरनेट त्या एका यंत्रातून जायचं. वेबसाइट उघडायच्या, पण ऑफिसचा मेल काही जाईना. मी भाकरी थापत असायचे आणि हे समजावत बसायचे, की ब्राउझर प्रॉक्सीच्या वाटेनं जातो, मेलच्या प्रोग्रामला ती वाट चालत नाही, त्याला वेगळी उघडून द्यावी लागते, आणि ती कुठं अडते तेच सापडत नाही. मी म्हणायचे, आधी गरम भाकरी खा, मग वाटा शोधा.

हे गेले त्या दिवशी कॉलेजातल्या एका मुलीचे, तांड्यावरच्या पूजाचे, कागद जायचे होते. नर्सिंगच्या प्रवेशाची शेवटची तारीख, आणि तिकडचे लोक कॉलेजच्याच मेलवरून आलेले कागद धरणार. यांच्या छातीत सकाळपासून जळजळ. मधल्या सुट्टीत फोन करून मी दवाखान्यात जा म्हटलं.

"ॲसिडिटी हाय गं. एवढा मेल जाऊ दे, येऊनच राहिलो."

वाट सापडली, मेल गेला, पूजाला प्रवेशही मिळाला. भेटायला येणारे लोक ही गोष्ट कौतुकानं सांगायचे आणि माझा संताप व्हायचा. कुणाच्या तरी कागदांपायी माझा माणूस गेला, असं मी तोंडावर बोलून दाखवलं. आतून मात्र वेगळंच खात होतं. मेल गेल्याचं यांना कळलं होतं का? की तडफडतच गेले? शिपायांना विचारलं, प्राचार्यांना विचारलं. कुणालाच सांगता येईना.

परवा यांचं सामान आणायला गेले. टेबलावर पेचकस, सुपारीची डबी, वायरींचा गुंता. दाखला न्यायला आलेली पूजा दारात येऊन उभी राहिली. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं. तीच रडत म्हणाली, सरांनी त्या दिवशी ऑफिसच्या फोनवरून फोन केला होता.

"काय म्हणले?"

"म्हणले, गेला बघ पोरी, पोचल्याचं उत्तर बी आलं. तुझ्या घरी सांग. मी बी आता घरीच निघून राहिलो."

मला नाही, तिला फोन केला, याचाही क्षणभर राग आला. कोपऱ्यात प्रॉक्सीचं यंत्र घरघरत होतं. तिचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून मी यांची खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"पुन्हा सांग," मी म्हणाले.