मेवण्याचं चुंबक

फुकट देण्यासाठी इतका जीव आटवणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. हा माझा मेवणा, बायकोचा धाकटा भाऊ. गेल्या मे महिन्यात आम्ही तिघं पडवीत बसून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होतो. बायकोची बोटं लालेलाल, माझ्या पुढ्यात बियांची टोपली, आणि मेवणा एकच रातांबा हातात धरून तासभर आम्हाला धंदा शिकवीत होता. ती म्हणाली, "मेल्या, तोंड चालतंय तेवढे हात चालव. सालं उन्हात कधी पडायची?" तिघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं आटोपलं. त्यावर जास्त लिहिणार नाही. मी चौथी शिकलेला, जन्म लाँचीवर काढलेला माणूस. असलं लिहायला मला जमत नाही. एवढंच सांगतो की मला एकच भय लागून राहिलं होतं. तिच्या हातच्या साराची चव माझ्या तोंडातून दिवसेंदिवस पुसत चालली होती, आणि हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

मेवण्यावर मात्र लिहायला जमेल. मुंबईला कंपनीत नोकरी करून तो निवृत्त झाला, आमच्या गावी भाट्याला आला आणि आमसुलं नि आगळ विकायला लागला. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस. फोनवर त्याचं दुकानाचं पान होतं. एका सकाळी ते पानच उघडेना, आणि सगळी गिऱ्हाइकं त्याच्याबरोबर गेली. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. ह्याने फोनवरच धंद्याचं शिबिर लावलं आणि शिकून आला. "भावोजी, दुसऱ्याच्या पानावरचं गिऱ्हाईक आपलं नव्हे. ई-मेलची यादी आपली. आणि यादी हवी तर आधी चुंबक पाहिजे."

"लोखंड विकणार आहेस की आगळ?"

"तसलं चुंबक नव्हे हो. काहीतरी उपयोगाचं फुकट द्यायचं. लोक त्यापायी आपला पत्ता देतात. मग त्यांना पत्र धाडत राहायचं."

पहिलं चुंबक म्हणून त्याने भाट्याच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक केलं. महिनाभर किनाऱ्यावर उभा राहून वेळा ताडून पाहिल्या. मी विचारलं, तुझी गिऱ्हाइकं कुठली? म्हणे ठाणे नि पुणे. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. मग 'कोकमाचे एकशेआठ उपयोग' काढलं. तिसापर्यंत गाडं बरं चाललं. पुढे सुचेना, तेव्हा एकतिसावा उपयोग लिहिला, 'पाहुण्यांना दाखविण्यासाठी'.

पत्ते गोळा करायची त्याची तऱ्हा तर बघायची. माझ्या भाचीच्या लग्नात अक्षतांच्या ताटाशेजारी वही ठेवली. वर मोठ्या अक्षरात, 'कृपया ई-मेलचा पत्ता लिहावा'. लोकांनी लिहिला की! 'देवळामागे, फणसाच्या खाली.' 'शाळेच्या चढणीला, विचारल्यास कोणीही सांगेल.' एका म्हाताऱ्याने तर बजावून ठेवलं, 'पावसाळ्यात येऊ नये, ओढ्यावरचा साकव वाहून जातो.' दुसऱ्याने वही फेकून दिली असती. हा म्हणाला, "विश्वासाने दिलेत पत्ते, फुकट कसे घालवू?" आणि त्या सगळ्यांना पोस्टाने पत्रं धाडली. म्हाताऱ्याला पाऊस सरल्यावर.

शिवाय शिबिरात शिकवलेलं, माणसाला विचारल्याशिवाय काही पाठवायचं नाही. ते इतकं अंगात भिनलं की माझ्या ताटात भात वाढतानाही, "भावोजी, तुमची संमती आहे ना?" म्हणायचा. पत्राच्या तळाशी एक ओळ असायची, 'नको असल्यास येथे दाबा'. एकदा कोणीतरी दाबलं. हा दोन दिवस जेवला नाही. "माझ्या बोलण्यात काय लागलं असेल त्यांना?" तिसऱ्या दिवशी शोध लागला. दाबणारा त्याचाच डोंबिवलीचा मुलगा.

असे आठ महिने गेले. मग एक दिवस तो दारात उभा राहून चाचरत म्हणाला, "भावोजी, आक्काची पाककृतींची वही देता का? तिच्या हातचे दहा प्रकार, छोटं पुस्तक करीन. फुकट देईन."

"तिचं म्हणून फुकट होय रे?"

बोलून गेलो. मलाच वाईट वाटलं. वही काढून दिली. भाचीसाठी लिहिलेली, तिच्या अक्षरातली. साराच्या पानावर लिहिलेलं, 'आगळ वायच, गूळ वायच, मीठ वायच, पाणी बघून.' वायच म्हणजे आमच्याकडे थोडंसं. सगळी वही त्या वायचने भरलेली. मेवणा डोकं धरून बसला. "वायच म्हणजे किती? पुण्याच्या माणसाला ग्रॅम लागतात!"

"मला काय विचारतोस? मी फक्त खाल्लंय."

"तेच पाहिजे," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी वजनकाटा घेऊन हजर. पुढे रोज संध्याकाळी तो मोजून सार करायचा, कागदावर ग्रॅम मांडायचा, आणि मी चाखून सांगायचो. "हे औषध झालं." "ह्याने ताम्हन घास." "हे तुझ्या शिबिरातल्या मास्तरला पाज." रुसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. मी हसत होतो, पण आत धसका होता. चूक त्याची की चव मीच विसरलो, हे कळेनासं झालं होतं.

एका संध्याकाळी ऐन फोडणीच्या वेळी नाशिकच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मेवणा फोन खांद्याने कानाशी दाबून ओरडतोय, "अहो, आगळात साखर नसते, मीठ असतं!" आणि एका हाताने पातेल्यात काय काय टाकतोय. मी वाटी तोंडाला लावली. ती रिकामी होईपर्यंत खाली ठेवली नाही.

"भावोजी? कसं झालंय?"

मी रिकामी वाटी पुढे केली. त्याने वजनकाट्याकडे पाहिलं. काट्याला हातच लागला नव्हता.

"गूळ किती घातला मी? तुम्ही बघत होतात ना?"

"मी पातेल्यात नव्हतो बघत."

"मग कुठे?"

"तू उभा होतास ना, तिथे. ती तिथेच उभी राहायची."

त्याने पळीभर सार चाखलं. पुन्हा पळी बुडवली, पुन्हा चाखलं. म्हणाला, "आक्काच." मग डोळे पुसून लगेच, "पण आता पुस्तकात किती ग्रॅम लिहू?"

"तिने लिहिलंय तसंच लिही. खोटं नको."

तसंच छापलं. पुढे लोकांचे पत्ते येऊ लागले ते ह्यामुळेच. प्रत्येकाचा एकच सवाल, वायच म्हणजे किती? आणि हा प्रत्येकाला उलट कळवतो, 'एकदा फोनवर बोलत बोलत घालून बघा.' पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी पातेलं घासून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जन्मात पहिल्यांदा गॅसपाशी उभा राहिलो. आगळ ओतलं, गूळ टाकला, चिमटीने मीठ घातलं. आगळातच मीठ असतं, ते ध्यानात राहिलं नाही. खारट झालं. भातात कालवून सगळं खाल्लं, आणि मेवण्याला फोन लावला, येताना गूळ घेऊन ये.