सहाव्या नंबरासाठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

फुटबॉलपासून सुरुवात करतो. तेवढं सोपं आहे.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. पिंपरीच्या ज्वारीच्या रानांत कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात — नाव नको — मी फाउंड्रीत होतो. मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेत फुटबॉल, आणि मला नोकरी मिळाली तीही खेळामुळेच. कंपनीला पुण्याच्या लीगमध्ये उतरायचं होतं. उतरलो — दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. आणि तिथेही आम्ही कायम अधेमधेच. वर चढायची आशा नाही, खाली घसरायची भीती नाही. एक सामना जिंकायचा, एक हरायचा, दोन बरोबरीत सोडवायचे. अशा संघाचा मी कप्तान.

हसू येतं ना? मला येत नव्हतं. फाउंड्रीत मी कोण होतो? भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या माणसांतला एक. पण सरावाच्या दिवशी दुपारी लवकर सुट्टी मिळायची, फोरमनला माझं नाव घेऊन मला सोडावं लागायचं. गेटवरचा जमादार ‘या कप्तान’ म्हणायचा. ते दोन शब्द मला पगारापेक्षा गोड लागत.

संघात खेळाडू म्हणावा असा एकच होता. नामदेव. आम्ही त्याला नामा म्हणत असू. तो इथला, पिंपरीचाच. त्याच्या घरची जमीन कारखान्याच्या आवारात गेली होती. त्याची आई म्हणायची, “रान गेलं आत, आता पोरगं तरी आत राहू दे.” नामा आत होता, पण बदलीवर. मोसम संपला की कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं.

तो डावीकडून पळायचा. बूट घातले तर त्याला चालता येत नसे, म्हणून अनवाणी. चेंडू त्याच्या पायाशी असला की समोरचा बॅक नुसता वळत राहायचा. आमचे निम्मे गोल त्याचे आणि उरलेले त्याने दुसऱ्याच्या पायात आणून ठेवलेले. लोक म्हणत, कोल्हापूरच्या कप्तानानं संघ चांगला बांधलाय. मी ऐकून घ्यायचो. नामाही ऐकायचा आणि मान डोलवायचा. त्याला खरंच तसं वाटायचं.

मोसम संपत आला होता तेव्हा सरावात त्याचा गुडघा पिळला. आठवडाभर तो लंगडत कामावर आला. मग सूज उतरली आणि तो म्हणाला, आता बरं हाय. तरी मी त्याला कंपनीच्या दवाखान्यात नेलं. हे मी केलं, हे मुद्दाम सांगतोय — तेवढंच माझ्या बाजूचं आहे.

डॉक्टर पुण्याहून यायचे, घाईत असायचे. त्यांनी गुडघा दाबून, वळवून पाहिला, पट्टी बांधली. नामाची शिफ्ट होती, तो निघून गेला. मी मागे राहिलो. हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, “याला या मोसमात मैदानावर आणू नका. आतली गादी फाटलीय. पुन्हा पिळला तर पाय कायमचा जाईल. तुम्ही त्याचे कप्तान ना? त्याला समजेल असं सांगा.”

मी हो म्हणालो.

आता इथे मी थांबतो. इथे थांबायची मला सवय आहे. मनातल्या मनात मी हे कितीदा तरी सांगितलंय आणि दर वेळी इथेच थांबलोय.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं की संघ खालच्या निम्म्यात गेला तर पुढच्या वर्षी सरावाची सुट्टी बंद. कंपनी काही जत्रा भरवायला बसलेली नाही. एकच सामना उरला होता, रेल्वेवाल्यांशी. हरलो असतो तर घसरलो असतो. आणि नामाशिवाय आम्ही हरणार हे पोरासोरांनाही कळत होतं.

पण हेही पूर्ण खरं नाही. सुट्टी गेली असती तर गेली असती. मला भीती होती ती दुसरीच — नामाशिवायचा संघ लोकांना दिसेल याची. मग कप्तानाने काय बांधलं होतं, तेही दिसलं असतं.

दवाखान्यातून निघालो तेव्हा नामा गेटजवळ भेटला, शिफ्टचा भोंगा अजून व्हायचा होता. त्यानं विचारलं, “काय म्हनलं डाक्तर?”

मी म्हणालो, “काही नाही. पट्टी नीट बांध म्हणाले.”

बस. इतकंच. माणूस वाईट काम करतो तेव्हा निदान घाम फुटावा, जीभ अडखळावी. माझं काहीच झालं नाही. वर मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

सामना रविवारी होता. कासारवाडीहून आम्ही सगळे गाडीने पुण्याला गेलो. नामाच्या आईने सगळ्यांना पुरतील अशा तिळाच्या पोळ्या दिल्या होत्या. गाडीत तो दारात उभा राहून बाहेर बघत होता. मला अजून वेळ होता. खडकी गेलं, शिवाजीनगर आलं. वेळ होताच. मी पोळी खात होतो.

पहिल्या अर्ध्यात त्याने गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात रेल्वेवाल्यांनी फेडला. मग एकदा चेंडू डावीकडे गेला, नामा धावला, आत वळायला म्हणून त्याने पाय रोवला, आणि तसाच खाली बसला. त्याला कुणी धक्का दिला नव्हता. जवळ कुणी नव्हतंच. रेफरीने शिटीसुद्धा उशिरा वाजवली. मी पोहोचलो तेव्हा तो गुडघ्याला दोन्ही हातांनी धरून होता आणि तोंडातून आवाज काढत नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, “कप्तान, तुमी खेळा. टाइम हाय अजून.”

आम्ही खेळलो. सामना बरोबरीत सुटला. अकरा संघांत आमचा नंबर सहावा आला. साहेबांनी सांगितलेल्या रेषेच्या वर की खाली, यावर दोन दिवस चर्चा झाली. मग साहेबांचीच बदली झाली, नव्या साहेबांना क्रिकेट आवडायचं, आणि संघ मोडला. म्हणजे ज्याच्यासाठी मी गप्प बसलो, ते तसंही जाणारच होतं.

पण मधे एक गोष्ट झाली. ती त्या गप्प बसण्यापेक्षा वाईट आहे.

जुने साहेब जायच्या आधी नामाचं काय करायचं हा प्रश्न निघाला. तो उभ्याने काम करू शकत नव्हता. कंपनीसाठी खेळताना पाय गेला, तर त्याला बसून करायचं काहीतरी हलकं काम द्यावं, असं काहींचं म्हणणं होतं. डॉक्टरांनी कळवलं की त्यांनी नामाला खेळायला मना केलं होतं, कप्तानाला तसं सांगितलं होतं. साहेबांनी मला बोलावलं. नामा तिथे बाकावर बसला होता, शेजारी काठी.

“तुम्ही याला सांगितलं होतं?” साहेबांनी विचारलं.

एक शब्द पुरला असता. नाही — एवढाच. फार तर माझी नोकरी गेली असती. कोल्हापूरला माझं घर होतं, भाऊ होते. नामाला कुठे जायचं होतं? त्याचं रान तर आम्ही बसलो होतो त्या फरशीखाली होतं.

मी म्हणालो, “सांगितलं होतं साहेब. त्याने ऐकलं नाही.”

नामा माझ्याकडे बघायला लागला. चिडून नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवताना माणूस बघतो, तसा.

बाहेर आल्यावर, काठी टेकत चालताना, त्याने हळूच विचारलं, “कप्तान, कवा सांगितलं तुमी?”

“गाडीत,” मी म्हणालो. “तू दारात उभा होतास.”

तो थोडं चालला. मग म्हणाला, “असंल. माजं ध्यान बाहीर असतंय.”

कळतंय का तुम्हाला? त्याने माझ्यावर संशय घेतला असता, शिवी दिली असती, तर आज मी कदाचित निराळा माणूस असतो. त्याने स्वतःच्या आठवणीवर संशय घेतला. माझ्या शब्दापुढे त्याला त्याचे कान खोटे वाटले.

त्याला काढलं. सासुरवाडी कुरुळीला होती, तो तिकडे गेला. लोकांच्या कांद्याच्या वाफ्यांत बूड टेकून खुरपायचा, कारण गुडघा वाकत नव्हता. मी कायम झालो, पुढे सुपरवायझर झालो, काळेवाडीत घर बांधलं. वर्षातून एकदा त्याच्याकडे जायचो. का जायचो? खरं सांगायला नाही. त्याला अजून काही आठवलंय का, ते बघायला. तो दर वेळी मला बाजेवर बसवायचा आणि स्वतः खाली बसायचा, पाय लांब करून. त्याचा मुलगा चाकणकडच्या एका कंपनीत लागला, तेव्हा नामा माझ्यासमोर त्याला म्हणाला, “वरच्यानं सांगितलं की ऐकावं. मी ऐकलं न्हाई. ह्ये कप्तान साक्षीला हायेत. इचार त्यास्नी.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होतो. मी मान हलवली.

गेल्या हिवाळ्यात नामा गेला. दहाव्याला मी नदीवर गेलो. आता आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात, सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात. त्याच्या मुलाने माझ्यासाठी खुर्ची आणली, आणि म्हणाला, काका, तुम्हीच त्यांना खरं ओळखत होता, चार शब्द बोला. माईक हातात आला. समोर त्याची म्हातारी बायको होती, नातवंडं होती. ज्याला घाबरायचं, असं कुणी उरलं नव्हतं. साहेब नाहीत, डॉक्टर नाहीत, नोकरी नाही.

मी म्हणालो, नामदेवसारखा खेळाडू मी पुन्हा पाहिला नाही. पण हट्टी होता. कुणाचं ऐकायचा नाही.

लोकांनी माना डोलवल्या. मुलाने डोळे पुसले. मी माईक शेजारच्याकडे दिला आणि खुर्चीवर जाऊन बसलो.