कॅमेऱ्यात रोल होता

दिनकर गेल्याचा मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी कूलरमध्ये पाणी भरत होतो. फोन ठेवला तरी नळ बंद करायचं सुचलं नाही... अमरावतीला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

दिनकर माझा वर्गमित्र. शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी संपल्यावर तो घरच्या मागच्या खोलीत जुने कॅमेरे दुरुस्त करायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात आतलं तेल पातळ होऊन शटरच्या पात्यांवर पसरतं आणि पाती चिकटून बसतात. टेबलावर जुन्या बनियनचं पांढरं कापड अंथरून तो एकेक पातं पेट्रोलने पुसायचा, मग कॅमेरा कानाशी धरून शटर ऐकायचा. कॅमेऱ्याची पाठ उघडण्याआधी मात्र आत रोल आहे का, हे गिऱ्हाइकाला विचारायचं आणि वर स्वतः रोल गुंडाळायची चावी फिरवून, ती जड लागते का ते बघायचं, हा त्याचा नेम.

माझ्या कॅमेऱ्याचं शटर चिखलदऱ्याला अडकलं, माझ्या बायकोचा, सुधाचा फोटो काढताना. ती गेली आणि कॅमेरा कपाटातच राहिला. काही वर्षांनी दिनकरकडे नेला.

"रोल काढला नं बे?"

"कवाच काढला."

माझी तशी पक्की समजूत होती. मित्राच्या शब्दावर त्याने चावी फिरवलीच नाही. पाठ उघडली, तर आत रोल. उजेड लागून सुधाचे शेवटचे फोटो गेले.

तेव्हा त्याला विसरायला होऊ लागलं होतं. "मी इचारलंच नाई तुले," तो म्हणाला. "माह्या हातानं वैनीचे फोटू गेले."

मी गप्प राहिलो. दुःख होतंच, पण दोष त्याच्या अंगावर जातोय याचं बरंही वाटलं. त्या दिवसापासून त्याने गिऱ्हाइकाचं काम घेतलं नाही. फोनवर वहिनी म्हणायच्या, "दिवसभर नुस्ते बसून राह्यते. काम कावून सोडलं, इचारलं तं बोलत नाई." पुढच्या खेपेला सांगू, असं मी दर खेपेला ठरवायचो.

तेराव्याला वहिनींनी माझा कॅमेरा माझ्या हाती दिला. "तुमचा तेवढा करून ठेवला त्यायनं." शटर दाबलं. स्वच्छ वाजलं. टेबलावर ते पांढरं कापड तसंच होतं आणि समोरच्या भिंतीवर, त्याच्या वाकड्या अक्षरात, एक चिठ्ठी... 'रोल आहे का, आधी विचारणे.'

वहिनींसमोर तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. ऐकायला तो उरला नाही, तेव्हा आता लिहितोय. दिनकरने विचारलं होतं.