ताईच्या लोहाच्या गोळ्या

गल्लीत सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे आणि हा पठ्ठ्या कधी कुणाची चूक दुरुस्त करायचा नाही. होता कंपाउंडर, तोही जनावरांच्या दवाखान्यात. तीस वर्षं कुत्र्यांच्या कानांतले गोचीड चिमट्याने उपटले. गोचीडतापाने पांढरट पडलेलं कुत्रं आलं, की त्या दवाखान्यात लोहाचं टॉनिकही द्यायची पद्धत. ती त्याच्या हाडीमासी खिळली होती.

म्हणून थोरली बहीण तापाने आडवी झाली, तेव्हा या शहाण्याने तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. अगदी कुत्र्याच्या पाहाव्यात तशा!

"ताई, अगं रक्तच नाही अंगात," म्हणाला आणि लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. ताईला उलट्या व्हायच्या. ती चूळ भरून पुढची गोळी वेळेवर घ्यायची.

सहाव्या दिवशी ती बरळायला लागली. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंना तिच्या गुडघ्यामागे गोचीड चावल्याची खूण सापडली.

"घरात कुत्रा आहे?"

नव्हता. पण दवाखान्यातले त्याचे कपडे ताईच धुवायची. त्याने नकळत आपल्या बाह्या झटकल्या.

"काही औषधं चालू होती?"

"नाही," तो म्हणाला. गल्लीतली डॉक्टरकी वाचवली, मेल्याने!

दोन दिवस औषध चालू होतं, तरी ताप हटेना. तिसऱ्या दिवशी उशी सारखी करताना त्याला खाली, घरून ताईच्या पिशवीतून आलेली, तीच लोहाच्या गोळ्यांची पट्टी दिसली. चार आणखी कमी झाल्या होत्या. जरा शुद्धीवर आली की ताई गुपचूप गोळी घेत होती. भावाने सांगितलं होतं ना!

पट्टी मुठीत घेऊन तो डॉक्टरीणबाईंच्या दारात गेला. "मी खोटं बोललो," एवढंच कसंबसं म्हणाला.

त्या संतापल्या. "अहो, अंगात जंतू शिरले की शरीर आपलं लोह लपवून ठेवतं, त्यांच्या हाती लागू नये म्हणून. प्रयोगशाळेत लोह पकडून ठेवणारी द्रव्यं घालून जंतूंची उपासमार करून बघतात. आणि तुम्ही त्यांना आयतं ताट वाढताय? वर आमच्या गोळीला हे लोह पोटातच धरून बसतं. औषध रक्तात पोचणार कसं?"

"माझ्यामुळे किती बिघडलं?"

"ते मलाही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

लोह बंद झालं, औषध शिरेतून सुरू झालं आणि ताप उतरला. ताई घरी आली. शेजारीण भेटायला आली, तर ताई कौतुकाने म्हणाली, "माझा भाऊ होता म्हणून वाचले. हॉस्पिटलातसुद्धा याच्या गोळ्या चुकवल्या नाहीत मी."

शेजारीण गेली. ताईने तळहात पुढे केला. "दे, आजची राहिलीय."

तो पाण्याचा पेला घेऊन उभा होता.  "ताई, त्या गोळ्यांनीच तू मरायला टेकली होतीस. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तरी मी त्या लपवल्या."

 ताईचा हात मात्र तसाच पुढे होता.

"पाणी तरी दे," ती म्हणाली.